एकोणीस किलो लोकर



कुणी शेतावरून आत्ताच आला असाल, कुणी भाकऱ्या उरकून बसला असाल, कुणी रेडिओ लावून भाजी निवडत असाल. हात चालू असतील तर चालूच राहू द्या. आजची गोष्ट हातांचीच आहे.

आम्ही मुंबईत लालबागला राहणाऱ्या बायका. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. दर महिन्याच्या १० तारखेला बैठक आणि दरमहा माणशी २०० रुपये बचत. नावानं मुंबईकर असलो तरी आमच्यातल्या बहुतेकींचं माहेर नाहीतर सासर सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी असं गावाकडचंच. दरवेळी आम्ही तुमच्याशी कर्जाबद्दल, हप्त्याबद्दल, पासबुकाबद्दल बोलतो. आज लोकरीबद्दल बोलणार आहोत. विणकामाच्या आमच्या वेडापायी घरात लोकर कशी साठत गेली, ती मोजल्यावर आम्हाला काय कळलं आणि तिचं पुढं काय केलं, ते सांगतो.

आधी तुम्हीच विचाराल, मुंबईत थंडी ती किती? खरं आहे. डिसेंबर-जानेवारीत चार दिवस पहाटे अंगावर चादर ओढावी लागते, संपली थंडी. पण गावाला थंडी आहे ना! वाई-कोरेगावकडच्या सासऱ्यांना कानटोपी, पाटणच्या आईला शाल, नणंदेच्या बाळंतविड्यात टोपडं, मोजे, स्वेटर. गावाहून तांदूळ, कडधान्य, तिखट यायचं आणि इथून लोकरीचं विणलेलं जायचं. ही देवघेव आमच्या सासूबाईंच्या काळापासूनची.

आमचा परळ-लालबागचा भाग म्हणजे गिरणगाव. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली, तीही जवळच ताडदेवला. पुढं आमच्या भागात गिरण्यांच्या चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. घरातले पुरुष तीन पाळ्यांत गिरणीत जायचे आणि बायका चाळीच्या गॅलरीत बसून क्रोशा चालवायच्या. पांढऱ्या दोऱ्याचे रुमाल, दाराचं तोरण, रेडिओवर घालायचं आणि मग पुढं टीव्हीवर घालायचं आच्छादन, तांब्यावर ठेवायची मणी लावलेली जाळी. दहा बाय बाराची खोली, पण रुमाल असा की पाहुण्यानं हात फिरवून बघावा.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी होते आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले होते. बऱ्याच घरांतला पगार जो थांबला तो परत आलाच नाही. तेव्हा कुणी डबे केले, कुणी साड्यांना फॉल लावले, कुणी दुसऱ्यांच्या घरची भांडी घासली. आमच्या सासूबाई सांगतात की त्या दोन वर्षांत क्रोशाची सुई ट्रंकेत पडून होती, कारण दोऱ्याच्या रिळाला लागणारे पैसेही मोजून ठेवायचे दिवस होते. पुढं धाकट्या मुलाला नोकरी लागली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी काय आणलं असेल? दादरहून अबोली रंगाच्या लोकरीचे चार गुंडे. विणायचं काय ते ठरलं नव्हतं. नुसते आणले.

मैत्रिणींनो, त्या चार गुंड्यांपासून पुढं काय होतं ते विणणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. दादरला स्टेशनजवळच्या दुकानात बटणं घ्यायला जावं आणि लोकर घेऊन यावं. रंग सुंदर दिसला, घेतला. ‘शेवटचे दोनच आहेत’ असं दुकानदार म्हणाला, घेतले. भुलेश्वरला लेस आणायला गेलो आणि दोऱ्याची रिळं घेऊन आलो. घरी आल्यावर पिशवी आधी दाराआड ठेवायची, सगळे जेवायला बसले की हळूच पलंगाखाली सरकवायची. कुणी विचारलंच तर ‘जुनीच आहे’ म्हणायचं. हसू नका, आम्ही सगळ्याजणी हे केलंय.

तर दोन वर्षांमागच्या दिवाळीची गोष्ट. साफसफाई निघाली होती. आमच्यातल्या एका वहिनीनं पोटमाळ्यावरून गाद्या काढल्या, तर मागं लोकरीच्या सहा पिशव्या. एक पिशवी पावसाळ्यात ओल लागून कुबट झालेली, वास मारणारी. नवरा काही बोलला नाही. मुलगी मात्र म्हणाली, “आई, माझ्या क्लासच्या फीला पैसे नाहीत म्हणालीस ना जूनमध्ये?” वहिनीनं बैठकीत हे सांगितलं आणि सगळ्या गप्प झाल्या. कारण प्रत्येकीच्या घरी तशी एखादी पिशवी होतीच.

मग आम्ही ठरवलं की पुढच्या बैठकीला जिनं तिनं घरातली सगळी लोकर घेऊन यायचं. लपवाछपवी करायची नाही. वाण्याकडचा वजनकाटा मागून आणला. चटईवर ढीग घातला. लाल, मोरपंखी, राणी, पोपटी, लेकराच्या पहिल्या वाढदिवसाचा फिका निळा. अकरा जणींची मिळून १९ किलो ४०० ग्रॅम लोकर आणि दोरा निघाला. किलोला सरासरी ८०० रुपये धरले तरी साडेपंधरा हजार रुपये होतात. आमच्या अख्ख्या गटाची महिन्याची बचत २,२०० रुपये. म्हणजे गटाची सात महिन्यांची बचत पलंगाखाली, पिंपात आणि पोटमाळ्यावर पडून होती.

मापात घेतलं की कळतं, ते असं. यात कुणाला लाज आणायची नव्हती. पैसे आमचेच होते. पण आपण किती साठवतोय ते आपल्यालाच माहीत नसणं बरं नव्हे. बचत गटात आपण पहिली गोष्ट तीच शिकतो, नोंद ठेवणं.

आता यावर पहिली सूचना काय आली असेल? तुम्हीही तीच मनात म्हणाला असाल. एकजण म्हणाली, “एवढी लोकर आहे तर विणून विकूया! गटाचा व्यवसाय होईल.” कुणी म्हणालं, “लिज्जत पापडही आपल्या गिरगावातच सुरू झाला की.” आणि ते खरंच आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आमच्या दादरचं अन्नपूर्णा महिला मंडळही तसंच. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. या दोन्ही गोष्टी आम्ही गटात कितीदा तरी सांगितल्यात.

पण या वेळी आम्ही आधी वही काढली. हिशोब तुम्हीही कागदावर मांडून बघा. बाळाचा एक सेट, म्हणजे स्वेटर, टोपडं आणि मोजे. लोकर साधारण १५० ग्रॅम, तिचे १२० रुपये. बटणं १० रुपये. वेळ किती? घरातलं सगळं उरकून रोज अडीच तास बसलं तर १२ दिवस, म्हणजे ३० तास. प्रदर्शनात तो सेट ४५० रुपयांना गेला, तोही घासाघीस न होता गेला असं धरू. ४५० मधून १३० गेले, उरले ३२०. भागिले ३० तास. तासाला अकरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि मशीनवर विणलेला तसाच सेट दादरच्या फुटपाथवर अडीचशेला मिळतो.

पापड आणि डबा रोज लागतो, खाऊन संपतो, गिऱ्हाईक परत येतं. एका बाईचे हात तासाभरात किती पापड लाटतात आणि तासाभरात किती ओळी विणतात, ते तुम्हीच ताडून बघा. हातानं विणलेला स्वेटर दहा वर्षं टिकतो. वापरणाऱ्याला ते चांगलं, विकणाऱ्याला नाही. म्हणून आम्ही कुणालाही विणकामाच्या धंद्यासाठी गटातून कर्ज घ्या असं सांगत नाही. मोठी लोकर विकत घेऊन धंदा मांडायचा सल्ला कुणी दिला, तर आधी हा तासाचा हिशोब मांडा, मग सही करा.

विकायचंच असेल तर छोटी वस्तू विका. क्रोशाची राखी, केसांना लावायचं फूल, किल्लीला अडकवायचं छोटं काहीतरी. पाच-दहा ग्रॅम लोकर, तासाभराचं काम. आम्ही गेल्या राखीपौर्णिमेला १६० राख्या केल्या, ३० रुपयांना एक. सगळ्या उरलेल्या लोकरीच्या, नवा एक गुंडा आणला नाही. ४,८०० रुपये आले. त्यानं कुणाचं घर चाललं नाही, पण गटाच्या सहलीचे पैसे निघाले. आम्ही सगळ्या मिळून जोतिबाला जाऊन आलो.

तेव्हा विणकाम हा आमचा छंद आहे. बाईनं छंद म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, त्यातून मिळतं काय? पुरुष कट्ट्यावर कॅरम खेळतो, त्याला कुणी विचारत नाही. दिवसभराच्या धबडग्यानंतर अर्धा तास दोन सुया हातात घेतल्या, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, की डोकं शांत होतं. तेवढं मिळतं. ते कमी नाही. फक्त त्यासाठी २० किलो लोकर लागत नाही.

म्हणून आम्ही लोकरीचाही बचत गट केला. नियम चारच. पहिला, ज्या लोकरीला सहा महिने हात लागला नाही ती गटाच्या पेटीत जमा. दुसरा, वहीत नोंद: कुणाची, कोणता रंग, किती ग्रॅम, वेष्टनावरचा लॉट नंबर. तिसरा, काही विणायला घ्यायचं तर आधी पेटीत बघायचं, नसेल तरच दुकानात जायचं. चौथा, लोकरीसाठी अंतर्गत कर्ज मिळणार नाही, कितीही सुंदर रंग आला तरी.

लॉट नंबरचं सांगितलंच पाहिजे. एकाच रंगाची लोकर दोन वेगळ्या वेळी रंगवली तर छटेत थोडा फरक पडतो. दुकानात कळत नाही. विणून झालं की पाठ एका रंगाची आणि बाही दुसऱ्या रंगाची दिसते. म्हणून मोठं काम काढताना एकाच लॉटचे सगळे गुंडे घ्यावेत. उरलेल्या वेगवेगळ्या छटांचे चौकोन विणावेत आणि जोडावेत, गोधडीसारखे. चौकोन हे फार उपयोगी काम आहे. ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स नावाच्या बायकांच्या गटानं ११ हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं पांघरूण जोडून गिनीज बुकात विक्रम नोंदवला. तेसुद्धा बायकांनी आपापल्या घरी बसून विणलेले तुकडे जोडूनच झालं होतं.

पेटी करताना आमची एका मावशींपाशी अडचण झाली. त्यांच्या पिशवीत करड्या लोकरीचा अर्धा स्वेटर होता, सुया तशाच अडकवलेल्या. पाठ झालेली, पुढचा भाग छातीपर्यंत आलेला. नऊ वर्षं हात लागला नव्हता. नियमाप्रमाणे तो पेटीत जायला हवा होता. मावशी म्हणाल्या, “यांना विणत होते.” एवढंच. आम्ही वहीत पाचवा नियम लिहिला, आठवणीची लोकर वजनात धरायची नाही. मावशींनी तो स्वेटर घरी नेला.

आता पेटीतल्या लोकरीतून आम्ही काय शिकलो ते सांगतो. आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच. ती असते ॲक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. आमच्या १९ किलो ४०० ग्रॅममध्ये १६ किलो ॲक्रिलिक, १ किलो २०० ग्रॅम खरी लोकर आणि २ किलो २०० ग्रॅम सुती दोरा निघाला. ओळखायचं कसं? बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि काडी लावा. खरी लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. सुती दोरा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी होतो.

हे नुसतं माहितीसाठी नाही. चुलीपाशी स्वयंपाक करणाऱ्या बायकांनो, ॲक्रिलिकची शाल खांद्यावर घेऊन चुलीपुढं बसू नका. पेटली तर वितळून कातडीला चिकटते. चुलीपाशी सुती कापडच अंगावर असू द्या.

साठवण्याचंही ऐका. खऱ्या लोकरीला कसर लागते, ॲक्रिलिकला लागत नाही. खरी लोकर सुती पिशवीत, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासोबत ठेवा आणि पाला अधूनमधून बदला. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेली लोकर दमट हवेत कुबट होते, मुंबईत तर हमखास. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या. गुंडा घट्ट गुंडाळू नका, धागा ताणून राहतो आणि विणल्यावर आक्रसतो. आणि एक महत्त्वाचं. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. त्या वासानं काही तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. तसंच बाळाच्या मोज्यांच्या आतली बाजू उलटून बघा. सुटा धागा राहिला तर बोटाला गुंडाळला जातो आणि रक्त अडतं. धाग्याची टोकं आत ओवून पक्की करा.

जुना स्वेटर उसवून लोकर परत वापरायची असेल तर उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात साबणानं हलके धुवा आणि तशीच दोरीवर टांगून वाळवा. धाग्याचे वेढे बरेचसे सुटतात. आमच्या आधीच्या पिढीनं अशाच एका लोकरीत दोन-दोन भावंडं वाढवली.

मैत्रिणींनो, आता शेवटची गोष्ट. ती सांगायची की नाही यावर आमची बैठक झाली. जिची गोष्ट आहे ती म्हणाली, सांगा, नाव तेवढं घेऊ नका.

आम्हाला सगळ्यांना क्रोशा शिकवला तो आमच्यातल्या एका काकींनी. साखळी कशी घालायची, खांब कसा उभा करायचा, मुका खांब कुठं घ्यायचा, सगळं त्यांचं. चूक झाली की हातातून ओढून घ्यायच्या आणि सरळ उसवायच्या. मागच्या वर्षी त्या दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. २०० रुपये नातवाच्या हाती यायचे. मग कळलं की त्यांचं एका बाजूचं स्तन काढलं होतं. गाठ होती. त्यांना ती सहा महिने आधीपासून हाताला लागत होती. दुखत नव्हती म्हणून त्या बोलल्या नाहीत.

आमच्या परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, १९४१ सालापासून. देशभरातून तिथं माणसं येतात. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहतात, रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर बसलेली आम्हाला रोज दिसतात. बाजारात जाता-येता आम्ही ते पाहत होतो. ते आपल्याच मजल्यावर आल्यावर मात्र काय बोलावं ते सुचेना.

आम्ही भेटायला गेलो. काकी बऱ्या होत होत्या, जखम भरत आली होती. पण घराबाहेर पडत नव्हत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “ब्लाउजमध्ये जुन्या पातळाची घडी घालते. बसमध्ये वर हात केला की सरकते. परवा गळ्याशी आली. सगळ्यांदेखत.” दुकानात मिळणारं सिलिकॉनचं महाग होतं, जड होतं आणि मुंबईच्या घामात त्यांना सोसवत नव्हतं.

तेव्हा उपचाराच्या वेळी भेटलेल्या एका बाईकडून आम्हाला कळलं की हे क्रोशानं करता येतं. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट नावाच्या बाईंची २०११ साली अशीच शस्त्रक्रिया झाली आणि त्यातून हातानं विणलेलं, हलकं, मऊ स्तन बायकांना विनामूल्य द्यायचं काम उभं राहिलं. निटेड नॉकर्स असं त्याचं नाव. आपल्याकडेही निटेड नॉकर्स इंडिया या नावानं मुंबईतून बायका हे काम करतात. विणणाऱ्या बायका पैसे घेत नाहीत.

आम्ही धावत पेटीकडे गेलो. १९ किलोंची पेटी! आणि त्यातलं काहीच चालेना. ॲक्रिलिक घामानं ओलं राहतं आणि टाक्यांच्या जागी टोचतं. मेंढीची लोकर तर आणखी खाजते. सुती दोरा होता, पण बहुतेक रुमालाचा कडक पांढरा. लागतो मऊ सुती धागा. तो एक गुंडा विकत आणावा लागला. वहीत तशी नोंद आहे.

पहिलं केलं ते कापूस भरून. धुतल्यावर गोळा झाला आणि जड पडलं. दुसरं टोकदार झालं. ते घेऊन आम्ही काकींकडे गेलो, जरा घाबरतच. त्यांनी हातात घेतलं, उलटं केलं, चष्मा लावला आणि म्हणाल्या, “हे काय? खांब ओढून काढलेत सगळे. वाढी एकाच जागी घेतल्यात, टोक येणारच.” आणि सरळ उसवायला लागल्या. दोन महिन्यांनी पहिल्यांदा त्यांच्या हातात सुई होती.

तिसरं त्यांनी स्वतः केलं. मध्यापासून गोल, वाढी सगळीकडं सारख्या वाटून, मागची बाजू चपटी आणि तिला बंद करता-उघडता येईल असं तोंड. आत उशीत भरतात तो धुता येण्यासारखा हलका फायबर. कमी-जास्त करता येतो, धुताना काढता येतो. पुढच्या १० तारखेला त्या बैठकीला आल्या. साडी नीट चापून-चोपून नेसल्या होत्या. २०० रुपये स्वतःच्या हातानं दिले आणि पहिल्याच वाक्यात आमच्या एका वहिनीच्या तोरणातली चूक काढली.

त्यानंतर काकींनी आणखी नऊ केली आहेत, दुसऱ्यांसाठी. आम्ही आठ जणी शिकलो. पेटीत आता मऊ सुती धाग्याचा वेगळा कप्पा आहे, आणि त्या धाग्यासाठी मात्र गटाच्या निधीतून पैसे द्यायचे असा ठराव आम्ही केला आहे. तुमच्या गावात कुणाला लागलं तर लक्षात ठेवा, जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच ते वापरायचं.

आणि त्याआधीचंही लक्षात ठेवा. अंघोळ करताना स्तनात किंवा काखेत गाठ हाताला लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त किंवा पाणी आलं, तर दुखायची वाट बघू नका. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, तिथंच आपण फसतो. तीस वर्षांवरच्या बायकांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईला विचारा. एकटीला संकोच वाटत असेल तर गटानं मिळून जा. आम्ही अकराही जणी एकाच दिवशी गेलो, काकी पुढं होत्या.

तर आता घरी बसल्या बसल्या एक काम करा. आपापल्या पिशव्या बाहेर काढा. लोकर असेल, साड्यांचे काठ असतील, चिंध्या असतील, मणी असतील. मोजा, नोंद करा, गटात मांडा. ज्यात जीव अडकलाय ते ठेवा. बाकीचं कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं बघा.

आमची पेटी आज ८ किलो ७०० ग्रॅमवर आली आहे. खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यात दादरला एकजण मोरपंखी रंगाला भुलली. नाव सांगत नाही. ती आत्ता तुमच्याशीच बोलतेय असं समजा. नोंद मात्र वहीत केली आहे.

पुन्हा भेटू. नमस्कार.